चिठ्ठीवरचं अर्जंट

मी कवळ्या बनवते. डेंटिस्टकडून तोंडाचे ठसे येतात, सोबत चिठ्ठी. तिच्यावर 'अर्जंट' लिहिलेलं नाही असं वीस वर्षांत क्वचितच झालं. कुणाला फोटो काढायचा असतो, कुणाला जावयासमोर हसायचं असतं. डॉक्टर तर पत्राखाली 'आपला नम्र' लिहावं तसं सवयीनं लिहून टाकतात. शब्दाला अर्थ म्हणून उरला नाही. मग मीही नियम केला. अर्जंटवाले ट्रेमध्ये सगळ्यात खाली, मुकाट्यानं थांबणारे बिचारे आधी. या नियमाचा मला भारी अभिमान होता.

त्या सोमवारी एका पेशंटच्या मुलीचा फोन आला. मुलगी कसली, पन्नाशीच्या घरातली बाई.

"बाबांची कवळी झाली का हो? शनिवारी काका येतायत, अकरा वर्षांनी. बाबा हटूनच बसलेत, तोंडाचं असं बोळकं घेऊन मी भावासमोर जाणार नाही म्हणतात."

"सगळ्यांचंच अर्जंट असतं, बाई."

"हो, पण आमचं खरंच आहे."

"सगळ्यांचं खरंच असतं."

मंगळवारी पुन्हा फोन. बुधवारीही. बुधवारी मी चक्क खेकसले. खरं तर कवळी साच्यात शिजून तयार होती, घासून पॉलिश तेवढं बाकी होतं. पण नियम म्हणजे नियम. ठेवली तशीच तळाशी.

शुक्रवारी सकाळी बाई स्वतःच दारात उभी.

"बाबा गेले. काल रात्री."

"अरेरे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मला वाटलं, ऑर्डर रद्द करायला आली असेल.

"काका आज दुपारीच पोचतायत," ती म्हणाली. "बाबांचे गाल पार आत गेलेत. काकांना त्यांचं तसं तोंड दिसायला नको. होईल का?"

मी तिला स्टूल दिलं आणि ट्रे उपसला. मशीन लावलं, कडा घासल्या, पॉलिश केलं. ती रडत नव्हती, माझ्या हातांकडे बघत होती. कवळी धुतली, पुसली, डबीत घालून तिला दिली. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पस्तीस मिनिटं झाली होती.

"एवढंच राहिलं होतं?"

आवाजात राग नव्हता. नुसतं विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हो," मी म्हटलं.