दुसऱ्या टप्प्यातली घरं

ठाणे-बेलापूर रस्त्यावर महाप्याला उतरून डोंगराच्या अंगानं चालत गेलं की वाकणपाडा यायचा. तेव्हा कारखान्यांची कुंपणं गावापर्यंत पोचली नव्हती. भातशेती होती, गोठे भरलेले होते, आणि गावाच्या टोकाला खदानीच्या बाजूला बौद्धवाडी होती. महाडकडून खडी फोडायला आलेली माणसं तिथं राहून राहून गावचीच झाली होती.

१९८१ साली पंचायत समितीनं जयप्रकाश सरवदेला या गावात धाडलं. शेणापासून सगळ्या गावाला पुरेल इतका गॅस करायची योजना होती. आराखडा आखणं, मंजुरी आणणं आणि पुढं ग्रामपंचायतीला तो चालवायला शिकवणं हे त्याचं काम. जयप्रकाश बीडकडचा. शेतकीची पदवी घेतलेला, घरातला पहिला नोकरदार. कामात चोख होता, आणि आपल्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा राहू नये म्हणून जरा जास्तच चोख होता.

पहिल्याच दिवशी बौद्धवाडीतल्या भिमाबाईनं त्याचं आडनाव ऐकलं आणि रस्त्यातच हात जोडले. "जय भीम, साहेब."

त्यानं आधी आजूबाजूला बघितलं. मग म्हणाला, "नमस्कार."

आराखडा करताना सरपंच गोटीरामनं सरळ सांगितलं, "साहेब, शेन आमच्या गोठ्यांचं. गॅस आधी आमच्या चुलीला नाय आला तर गाव तयार होनार नाय."

गोटीराम वाईट माणूस नव्हता. गाव त्याला पाठ होतं. जयप्रकाशलाही ते पटलं, निदान सोयीचं वाटलं. त्यानं कामाचे दोन टप्पे केले. पहिल्यात गोठेवाल्यांची मधली आळी आणि दुसऱ्यात बौद्धवाडी.

ग्रामसभेत हे वाचून दाखवल्यावर भिमाबाई उठली. "आमच्याकडं ढोरं नायत, पन हात हायेत. रोजचं शेन आमी कालवू. तोच आमचा वाटा धरा."

गावानं लगेच होकार दिला. रोज सकाळी शेणात हात घालायला कुणालाच नको होतं.

टाकी झाली, नळ गेले. सरपंचाच्या बायकोनं, सुंदराबाईनं शेगडी पेटवली तेव्हा बघायला अंगणात गर्दी झाली. निळी आच, काजळी नाही, धूर नाही. "डोळं पुसायची सवयच गेली बघा," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. जयप्रकाशच्या कामाचं तालुक्यात कौतुक झालं. दुसऱ्या पंचायतींची माणसं बघायला येऊ लागली, आणि तो त्यांना टाकी, हौद, नळ असं सगळं हौसेनं दाखवायचा.

हौदापाशी बौद्धवाडीतल्या बाया शेण कालवत असायच्या. कोपरापर्यंत हात भरलेले. तिथून त्या खदानीवर जायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन लाकडं पेटवायच्या. कुणी पाहुण्यानं विचारलं तर भिमाबाई अभिमानानं सांगायची, "आमचा नंबर दुसऱ्या टप्प्यात हाय."

दुसऱ्या टप्प्याचे नळ यायला वेळ लागला. आले तेव्हा वाडीतल्या माणसांनी सुट्टीच्या दिवशी स्वतःच चर खणला. नळ प्रत्येक दारापर्यंत गेला. शेगड्याही बसल्या. भिमाबाईच्या सुनेनं तर शेगडीमागची भिंत पांढऱ्या मातीनं सारवून घेतली. आता फक्त मुख्य नळाची चावी उघडायची होती.

पण तोवर गाव बदललं होतं. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, आणि शेतच नाही तर बैल पोसून करायचं काय, म्हणून एकेक गोठा रिकामा होऊ लागला. शेण कमी पडू लागलं. मधल्या आळीतल्या शेगड्या दुपारनंतर मिणमिणायच्या. अशा वेळी वाडीची चावी उघडायला कोण तयार होणार?

जयप्रकाशनं बसून हिशेब केला. आहे तेवढा गॅस पाळ्या लावून दोन्हीकडे पुरत होता. सकाळी मधली आळी, संध्याकाळी वाडी. कुणाचंच सगळं भागलं नसतं, पण प्रत्येक घरात एक वेळचा स्वयंपाक झाला असता. त्यानं आधी गोटीरामला ते समजावून सांगितलं.

गोटीरामनं आकडे पुन्हा एकदा ऐकून घेतले. "बराबर हाय," तो म्हणाला. "बायांनी तीन वरसं शेन कालवलंय. सभेत तुमी बोला, साहेब. तुमी बोललात तर गाव ऐकल. मी तुमच्या मागं हाय."

सभा शाळेच्या ओट्यावर भरली. बौद्धवाडीची माणसं नेहमीसारखी कडेला बसली होती. जयप्रकाशनं पाळ्या वाचून दाखवल्या. काही माणसं कुरकुरली, काहींनी मान हलवली. तेवढ्यात बाजीराव उभा राहिला. त्याच्या गोठ्यात अजून म्हशी होत्या.

"साहेबांची माया कुनावर हाय ते दिसतंय," तो म्हणाला. "सरवदे आडनाव हाय त्यांचं. इसरू नका."

कुणीतरी हसलं. एवढी वर्षं ज्या शब्दांना जयप्रकाश चुकवत आला होता, ते भर सभेत पडले होते. गोटीराम त्याच्याकडं बघत होता. एक वाक्य पुरेसं होतं. हिशेब बरोबर होता आणि सरपंच पाठीशी होता.

जयप्रकाशनं कागदाची घडी घातली. "ठीक आहे," तो म्हणाला. "सध्या आहे तसंच चालू द्या. पुढं बघू."

सभा उठली. भिमाबाईनं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि पदर सावरून ती वाडीकडं चालू लागली.

नंतरच्या आठवड्यात वाडीतल्या बाया हौदावर आल्या नाहीत. भांडण नाही, बोलाचाली नाही. त्या नुसत्या आल्या नाहीत. पंचायतीनं मजूर लावून बघितला, तो टिकला नाही. मधल्या आळीतलं कुणी हौदाला हात लावेना. त्या पावसाळ्यात टाकी बंद पडली ती कायमची. जयप्रकाशची बदली झाली. जाताना त्यानं शेवटच्या अहवालात कारण लिहिलं, 'जनावरांची घटती संख्या'. ते खोटं नव्हतं. पण तेवढंच कारण नव्हतं.

१९८८ मध्ये तो त्या बाजूला परत आला. आता बढती मिळाली होती आणि सूर्याच्या उष्णतेवर चालणाऱ्या चुलींसाठी गावांची पाहणी करायची होती. त्यासाठी त्यानं वाकणपाड्याचं नाव मुद्दाम स्वतःकडं घेतलं. टाकी बुजवून तिथं गॅरेज झालं होतं. गोटीराम वारला होता. जयप्रकाश तसाच वाडीत गेला.

भिमाबाई दारातच होती. केस पांढरे झाले होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. तिनं त्याला लगेच ओळखलं, आत बसवलं, आणि स्टोला पंप मारून चहा टाकला.

इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग तोच म्हणाला, "भिमाबाई, त्या सभेत मी बोलायला पाहिजे होतं."

तिनं चहा गाळला. "आमाला वाटलं, कायतरी सरकारी अडचन असंल तुमची. वरून आर्डर असंल. वाडीतली पोरं लय चिडली हुती. तुमच्या हापिसावर जायचं म्हनत हुती. मी त्यांना सांगितलं, आपला मानूस हाय, त्याचे हात बांधले असतील. नायतर तो गप बसला नसता."

त्यानं हातातली कपबशी खाली ठेवली. "अडचण काही नव्हती," तो म्हणाला. "आपल्या माणसांसाठी केलं असं लोक म्हणतील, याची भीती वाटली. एवढंच."

बाहेर खदानीवरून ट्रक गेला. त्याची धूळ दारापर्यंत आली, तसं भिमाबाईनं उठून दार अर्धं लोटलं.

"पोरांना हे सांगू नका," ती म्हणाली. "त्यांना मी जे सांगितलंय तेच ऱ्हाऊ दे."

"मी त्यांची माफी मागायला..."

"नको. ती मोठी झाली आता. तुमच्यावानी शिकायचं म्हनून माझा धाकटा ठान्याला कॉलेजात जातो. त्याला काय सांगू?"

चहा निवत चालला होता. तिनं तो घ्यायला सांगितलं तेव्हा त्यानं घेतला.