कोंडलेलं हिरवं

आमच्या ब्राझीलमधल्या रेसिफेच्या प्रयोगशाळेत डेंगीच्या एका विषाणूला सगळे इवांद्रो म्हणतात. कुपीवर नंबर आहे, पण तो वाचतंय कोण? आमच्या प्रमुख झुलमिराबाईंच्या मुलाच्या, इवांद्रोच्या, रक्तातून तो काढलेला. पोराला ताप चढला तेव्हा बाई इथेच कामात होत्या. इस्पितळात पोचल्या तोवर सगळं आटोपलं होतं. मुलगा गेला, विषाणू फ्रीजरमध्ये राहिला. बाईंनी उरलेलं आयुष्य त्याच्यामागे लावलं.

विषाणूचं एक प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि परत बाहेर येतं. बाहेर असलं की नव्या विषाणूंची पैदास चालू. बाई म्हणायच्या, त्याला आतच कोंडा, पैदास थांबेल. तसं औषध त्यांनी शोधलं. प्रथिनाला हिरवी चमक जोडून पाहिलं, तर औषध दिलेल्या पेशींची केंद्रकं हिरवीगार. त्या दिवशी बाईंनी सगळ्यांना नारळ घातलेली तापिओकाची धिरडी खाऊ घातली आणि कोपऱ्यात जाऊन रडल्या.

आता बाईंची नजर गेलीय. मायक्रोस्कोपला डोळा मी लावते, त्या शेजारी बसून विचारतात, आत आहे ना गं?

मला मेलीला नको तिथे नाक खुपसायची खोड. आम्ही पेशी नेहमी थंडगार अल्कोहोलने मारूनच बघायचो, काम झटपट होतं म्हणून. म्हटलं, एकदा जिवंत पेशी बघू. औषध घातलं. हिरवं केंद्रकात गेलं आणि निवांत बाहेर आलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग त्याच पेशींवर अल्कोहोल ओतलं, तर केंद्रकं हिरवीगार. औषधाने पेशी नुसत्या मलूल होत होत्या, आणि मलूल पेशीला अल्कोहोल लागलं की प्रथिन केंद्रकात जाऊन चिकटायचं. औषध त्याला कोंडत नव्हतंच.

बाई येऊन बसल्या. विचारलं तेच. हो म्हणायला माझं काय जात होतं? त्यांना थोडंच दिसणार होतं! पण जीभ रेटेना.

"नाही, बाई. जिवंत पेशीत बाहेर येतंय."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी त्याला मेल्यावरच बघत राहिले, जांदिरा," बाई म्हणाल्या. "दोन्ही वेळा."

त्यांनी चाचपडत माझा हात धरला आणि म्हणाल्या, कसं बाहेर येतं ते सांग, काही गाळू नकोस. मी डोळा लावला आणि सांगत गेले.