भिकन आप्पांचा थाळा

मी एक जुना सागवानी थाळा आहे. शहाद्यातल्या मेहबूब मिस्त्रींच्या स्वयंपाकघरात, खिळ्यावर, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून मला टांगलेलं असतं. खालच्या मांडणीवर स्टीलच्या ताटांचा रोज खडखडाट चालतो. मी मात्र वर्षातून एकदाच खाली उतरतो. मित्रांनो, याचा मला पूर्वी फार तोरा होता. आज तो उरलेला नाही.

माझा जन्म उरल्यासुरल्यातला. ब्राह्मणपुरीच्या भिकन आप्पांनी नवं घर बांधलं, तेव्हा दारं-खिडक्या मेहबूब मिस्त्रींनी केल्या. एक फळी उरली. आप्पा केळीचे बागायतदार, गळ्यात कंठी, मांसमच्छी घरात तर नाहीच, पण ज्या भांड्याला ती लागली त्यातलं पाणीही ते पीत नसत. त्यांनी फळी मिस्त्रींच्या हातात दिली आणि म्हणाले, "मेहबूब, हाई वाया नको जावाले. मन्हासाठे एक थाळा बनाड. दर ईदले मी तुन्हाकडे येसू."

मिस्त्रींनी मला आठ दिवस घासलं. माझ्या मध्यभागी त्यांनी केळीचं पान कोरलं, शिरा न् शिरा दिसेल असं. त्यांच्या बायकोने, सलीमाबींनी, त्याच दिवशी ठरवून टाकलं की या थाळ्याला मांस लागणार नाही. माझी सुरी वेगळी, माझं फडकं वेगळं. ईदच्या सकाळी त्या माझ्यावर खजूर, पिस्ते, मनुका, पेरूच्या फोडी आणि खोबऱ्याच्या वड्या रचत. बाकी पाहुणे ताटांतून कबाब खात आणि आप्पा माझ्यावरून मेवा. "सलीमा बहेन, येवढं कोन खाई?" असं म्हणत म्हणत ते पान उघडं पडेपर्यंत खात. असं पस्तीस वर्षं चाललं. असं सुख किती थाळ्यांच्या वाट्याला येतं?

मग सलीमाबी गेल्या. त्यांच्याबरोबर माझी गोष्टही गेली, कारण ती कुणी कुणाला सांगितलीच नव्हती. घरात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सांगायची कशाला?

पुढच्या वर्षी त्यांच्या मुलाचं, जाहिदचं लग्न झालं आणि मालेगावची महजबीन सून म्हणून आली. गुणाची पोर. ईदच्या आधी तिने मोबाइलवर पाहिलं, की मोठ्या शहरांत पाहुण्यांसाठी एकाच लाकडी फळीवर सगळं सुंदर मांडतात. तिने मला खिळ्यावरून काढलं. मधोमध शामी कबाबांचं फूल केलं, भोवती उकडलेल्या अंड्यांच्या चकत्या, चीजचे तुकडे, द्राक्षं आणि कडेने खजूर. इतकं नटवलेलं मला कुणी कधी पाहिलं नव्हतं. पण त्या पानावर गरम तूप झिरपू लागलं, तेव्हा मला ओरडावंसं वाटलं. लाकडाला तोंड नसतं, मित्रांनो.

जाहिद नमाजहून परस्पर आईच्या कबरीवर गेला होता. मिस्त्रींच्या डोळ्यांत मोतीबिंदू, आणि कबाबांचा वास तर घरभर होताच. भिकन आप्पा आले, तसं मिस्त्रींनी चाचपून मला स्वतः उचललं आणि हसत त्यांच्यापुढे धरलं. "ले भाऊ, तुन्हा थाळा!"

आप्पांनी पाहिलं. मग दाराआड उभ्या महजबीनचा आनंदलेला चेहरा पाहिला. त्यांनी माझ्या कडेचा एक खजूर उचलला, मुठीत धरला आणि म्हणाले, "भारी सजाडेल शे, बेटी. आज पोट बरं नही मन्हं. घर जाईसन खासू." आणि ते लवकर उठले.

मिस्त्रींनी माझ्यावरून बोटं फिरवली. पानाऐवजी बोटांना कबाब लागला. खरं काय ते कळल्यावर महजबीन हमसून हमसून रडली. "अब्बा, मुझे किसी ने बताया नहीं!"

"तेरी गलती नहीं, बेटी. बताना मेरा काम था."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला रंध्याखाली घेतलं. तुपाचा डाग खोल गेला होता. तो निघाला, पण निम्मं पानही भुशात गेलं. तरी मी खूश होतो, कारण मिस्त्री मला घेऊन ब्राह्मणपुरीला जाणार होते. "उद्या जाऊ," ते म्हणत. उद्याचा परवा झाला. कोणत्या तोंडाने जायचं, हे त्यांना सुचेना. शेवटी म्हणाले, ईदला भिकन येईलच.

थंडीत फोन आला. भिकन आप्पा गेले.

यंदाच्या ईदला महजबीनने मला पुन्हा उतरवलं. फक्त मेवा मांडला आणि आप्पांच्या रिकाम्या जागेपुढे ठेवलं. दुपारी दारात रिक्षा थांबली. आप्पांच्या पत्नी शांतीबाई आल्या होत्या. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि वाळून खडा झालेला एक खजूर माझ्यावर ठेवला.

"त्यासनी खादा बी नही, फेका बी नही," त्या म्हणाल्या. "देव्हारामा ठेयेल व्हता. मेहबूबना घरना शे, ऱ्हाऊ दे, म्हनेत."

"वहिनी, राग व्हता का त्यासले?" मिस्त्रींनी विचारलं.

"राग कसाना, दादा? मी खादं नही, मेहबूबले वाईट वाटनं व्हई, मी कोनता तोंडे जाऊ, असंच म्हनेत. शेवटपावत."

शहादा ते ब्राह्मणपुरी वाट ती केवढीशी! दोघेही तिच्या दोन टोकांना एकाच लाजेने बसून राहिले. मिस्त्री त्या खजुरावर हात ठेवून लहान मुलासारखे रडले.

मित्रांनो, मला तेल लावा, उन्हात तापत ठेवू नका, ही तर माझी विनंती आहेच. पण घरातली जुनी वस्तू हाती घ्याल, तेव्हा ती कोणाची ते आधी विचारा. आणि ठाऊक असेल त्याने न विचारता सांगा. रंध्याने डाग निघतो, वर्ष परत येत नाही.

शांतीबाईंनी निघताना माझ्यावरचा एक ताजा खजूर उचलला आणि तिथेच, सगळ्यांसमोर खाल्ला. वाळलेला मात्र त्यांनी माझ्यावरच राहू दिला, उरलेल्या अर्ध्या पानावर.