समोरची जागा

बिलोआ फ्रान्समधल्या ल्योनहून मायदेशी, याउंदेला परतली ती एक बेस गिटार आणि एक हट्ट घेऊन. तिकडे ती यंत्रांचं शिक्षण घ्यायला गेली होती, पण तिथल्या थंड खोलीत एकटीनं बसून तिनं जे घडवलं ते मात्र आजोळच्या अंगणातलं होतं. एरवी बेस वाजवताना डावा हात तारा दाबतो आणि उजवा त्या छेडतो. बिलोआनं छेडणंच सोडून दिलं. दोन्ही हातांची बोटं गिटारच्या लांब मानेवर, छोट्या हातोड्यांसारखी थेट तारांवर आपटायची. डाव्यानं एक चाल धरायची आणि उजव्यानं तिला उत्तर द्यायचं. तारांखाली स्पंजचा तुकडा सरकवला की सूर लाकडासारखा आखूड आणि गोल यायचा. अगदी काठ्यांनी वाजवायच्या, लाकडी पट्ट्यांच्या बालाफोनसारखा, तिचे दोन मामा एकाच बालाफोनच्या दोन बाजूंना समोरासमोर बसून वाजवायचे तसा.

त्यातले धाकटे झोआमामा ती तिकडे असतानाच गेले. तेव्हापासून थोरल्या ओंबेदेमामांनी काठ्या हातात घेतल्या नव्हत्या. आता एका हॉटेलवाल्यानं तो बालाफोन भिंतीवर टांगायला मागितला होता आणि मामा हो म्हणून बसले होते.

“भिंतीवर?” बिलोआ उसळली. “अहो मामा, वाद्य आहे ते. रानडुकराचं मुंडकं नाही!”

“मग काय करू? एकट्यानं भांडता येतं का कुणाला? समोर माणूस लागतो.”

“मी बसते समोर. आपल्या घरच्या लग्नात वाजवू. जमलं तर बालाफोन घरातच राहील. बोला.”

मामा हसले. “कबूल. फ्रान्सनं काय शिकवलंय ते कळेल तरी.”

सराव ओसरीवर चाले. तिथेच झोआमामांची बायको, मेंगेमामी, केळी सोलत बसलेली असे. डावा हात शहाण्यासारखा वागे. उजवा मात्र सुटलेल्या बकरीसारखा कुठेही उडे.

“तुझा उजवा हात जेवायलाच बरा गं,” मामी म्हणायची.

आणि एका दुपारी उजवा हात अचानक बसला. इतका सहज की बिलोआ ओरडलीच, आणि मामीनं सुरी टाकून ओसरीभर नाचून घेतलं. त्यानंतर तो कधी चुकला नाही. डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले होते. उजव्याची बोटं तेवढ्याच जोरानं आपटत असूनही तान्ह्या मुलाच्या बोटांसारखी मऊ राहिली. आपली पद्धत किती हलकी आहे, असं वाटून बिलोआला उलट आनंदच झाला. ही पद्धत ती शाळाशाळांतून शिकवणार होती.

एक खोड मात्र जाईना. प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी उजवा हात एक जादा ठोका द्यायचा, लंगडल्यासारखा.

मामीचा सोलणारा हात थांबला. “हे कुणी शिकवलं?”

“कुणी नाही. चूक आहे ती. काढून टाकते.”

“राहू दे,” मामी म्हणाली. तिनं हात पुसले, आतून झोआमामांचं बुटकं स्टूल आणलं आणि बिलोआच्या समोर ठेवलं. “जागा रिकामी बरी नाही दिसत.”

बिलोआला ते फार गोड वाटलं. स्टूल आल्यापासून सराव आणखीनच रंगला.

लग्नाच्या दिवशी आंब्याखाली मासे भाजले जात होते, ताडीचे घडे फिरत होते. मामांनी बालाफोन मांडला. मामीनं स्टूल त्याच्या पलीकडच्या बाजूला, जुन्या जागी ठेवलं, म्हणून बिलोआनं आपली खुर्ची हसत थोडी मागे घेतली. पहिल्याच फेऱ्याला बायका उठल्या, दुसऱ्याला पायांखालची जमीन घुमू लागली. फेऱ्याच्या शेवटी तो लंगडा ठोका पडला, तशा मामांच्या काठ्या क्षणभर हवेतच राहिल्या. मग ते पोट धरून हसले.

“लंगड्या! अजून तेच? जन्मभर सांगत आलोय तुला!”

सगळे हसले. बिलोआही हसली. मामा तिच्याकडे बघत नव्हते. स्टुलाच्या जरा वर बघत होते. नाचणाऱ्यांत हॉटेलवाला दिसताच ते ओरडले, “भिंतीसाठी दुसरं काहीतरी बघा हो! हे कामात आहे!”

जिंकलो, असं बिलोआच्या मनात आलं आणि तिचे डोळे भरून आले. घाम आणि पाणी एकदमच ओघळलं, ते तिनं हातानं पुसलं. पुसता पुसता तिच्या लक्षात आलं, की हात उजवा आहे.

नाचणाऱ्यांचा एकही पाय चुकला नाही. डाव्या हाताची चाल चालू होती आणि त्या चालीला उत्तरही येत होतं. लंगडा ठोका आपल्या जागी पडला. मामांनी लाडानं एक शिवी हासडली.

मामी ताडीचे दोन पेले घेऊन गर्दीतून आली. एक तिनं स्टुलाजवळ जमिनीवर ठेवला. दुसरा बिलोआपुढे धरला.

“घे ना,” ती म्हणाली. “तुझा हात मोकळाच आहे.”