फाट्यावरचे तीन सूर

"बघू नकोस. बोटांना विचार."

हा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझी हनुवटी खिळ्यांच्या पेटीच्या काठाला जेमतेम लागत होती. पेटीला खणच खण, खणाखणात शिशाची अक्षरं, तेच खिळे, आणि बाबा त्या छापखान्यातले सगळ्यात जुने जुळारी. कागदावरची नजर न हलवता त्यांचा हात पेटीवर फिरायचा, पाखरानं दाणे टिपावेत तसा. मी अक्षर शोधायला वाकले की ते माझ्या डोळ्यांवर तळहात ठेवायचे. शाईचा आणि रॉकेलचा वास असलेला तळहात. "डोळे कागदासाठी ठेव. खण बोटांना ठाऊक असतात."

माझ्या इवल्या बोटांत एका वेळी एकच खिळा मावायचा, म्हणून मी चिमटी. आज डोक्यावर पांढरे केस आले तरी चिमटीच. ओळ भरत आली की बाबा हमखास गुणगुणायचे:

खिळा बाई खिळ्यापाशी, ओळ बाई ओळीपाशी,
शब्द जुळता जुळता, दिस आला उंबऱ्याशी.

हे कुणाचं, असं विचारलं की म्हणायचे, "हाताचं. तोंड नुसतं सोबतीला आहे."

शिसं गेलं. पेट्या भंगारात गेल्या. बाबा संगणकावर आले आणि तिथेही जुळारीच राहिले. चार खंडांचा एक शब्दकोश त्यांनी एकट्यानं जुळवला. ज्या सॉफ्टवेअरवर जुळवला ते पुढे कुठल्याच नव्या संगणक प्रणालीवर चालेना. नव्या प्रणालीत ती पानं उघडली की शब्दांच्या जागी नुसते कंस, टिंबं आणि खुणा सांडायच्या. भरलेली पेटी हातातून निसटावी तशा. माझं पोट संगणक सांभाळण्यावरच चालतं. म्हणून मी त्यांच्या एकाच यंत्रात दोन घरं मांडून दिली: जुनी प्रणाली जुळवायला, नवी प्रणाली छापखान्याला पानं पाठवायला.

असं यंत्र सुरू केलं की आधी काळा पडदा येतो. त्यावर बारीक करड्या अक्षरांत दोन-चार ओळी. बाणाच्या कळीनं खाली यायचं, हवी ती ओळ गाठायची, एंटर दाबायचं. दिलेल्या वेळात काही दाबलं नाही तर यंत्र आपल्या मनानं पहिल्या ओळीत शिरतं. आमच्या धंद्यात याला बूट मेनू म्हणतात. बाबा त्याला फाटा म्हणायचे. "फाट्यावर आलो की एक वाट माझ्या गावाला, एक तुझ्या." फाट्यावर पहिली ओळ नव्या प्रणालीची, दुसरी नवीच्या दुरुस्तीची, तिसरी जुनीची. म्हणजे त्यांच्या गावाला जायला दोनदा खाली आणि एंटर.

मागच्या खेपेला घरी आले तेव्हा मी तो फाटा आवरला.

कोशाची नवी आवृत्ती निघत होती. तीन खंड छापून झाले होते, चौथा बाबांच्या हाताखाली होता. निघायच्या गडबडीत मी त्यांचं यंत्र उघडलं आणि माझ्या हाताला खाज सुटली. अडगळ माळ्यावर टाकावी तशी मी जुनी प्रणाली 'इतर' नावाच्या आतल्या यादीत सरकवली. फाट्यावर थांबायची मुदत तीस सेकंदांची होती, ती तीनवर आणली. कशाला कुणाचा वेळ घालवा!

"बाबा, बघा. जुनी आता आत आहे. 'इतर'वर गेलात की दुसरी यादी उघडते. दिसली?"

"दिसली."

ते पडद्याकडे बघत नव्हते. खिडकीकडे बघत होते. माझी आवराआवर त्यांना आवडली नसावी असं मला वाटलं, आणि मी बॅग उचलली.

पुढे फोनवर बोलणं आखडत गेलं. काम कसं चाललंय विचारलं की म्हणायचे, "चाललंय." मग एकदा म्हणाले, "जरा कंटाळा आलाय." बाबांना आणि कामाचा कंटाळा! मी विचारलं, "यंत्र नीट सुरू होतं ना? यादी दिसते ना?"

"दिसते की."

"मग 'इतर'मध्ये जा, जुनी निवडा. समोरच तर आहे."

"हो हो. समोरच आहे." आणि फोन आईकडे.

शेवटी छापखान्याच्या मालकांनीच मला गाठलं. भला माणूस. म्हणाले, "ताई, वडिलांच्या पानात आजवर चूक निघाली नाही. पण महिना झाला, एक पान आलेलं नाही. वयाचं काही असेल तर मोकळेपणानं सांगा, चौथा खंड दुसऱ्या कुणाला देतो. सोमवारपर्यंत कळवा." त्यामागोमाग आईचा फोन: "तू येऊन जा. हे दिवसभर त्या डब्यासमोर बसतात आणि जेवायच्या वेळी उठतात. डबा काही यांना जेवायला घालत नाही."

मी गेले. दार बाबांनीच उघडलं. "आलीस?" म्हणाले, पण नजर माझ्या कानावरून पलीकडे, जिन्याच्या कठड्यावर. रागावलेत अजून, मी मनात म्हटलं.

जेवताना विषय काढला. "बाबा, काम का थांबलंय?"

"काम थांबलं नाही. मी थांबलोय."

"जुनी प्रणाली सापडत नाही का?"

"सापडायला ती काय हरवलीय?"

"हरवलंय ते तुम्हा दोघांचं डोकं," आई म्हणाली. "आधी जेवा. भात गार होतोय."

मी ऐकलं नाही. दमले होते, आणि भीतीही वाटत होती. बाबा विसरायला लागलेत की काय, हा विचार वाटभर माझ्या मांडीवर बसून आला होता. ती भीती तोंडातून रागासारखी बाहेर पडली. "नसेल होत तर तसं सांगा ना! मालक सोमवारी दुसऱ्याला देतील खंड. मी ती जुनी प्रणाली काढूनच टाकते, निदान यंत्रात जागा तरी होईल."

बाबांनी पाण्याचा पेला हातानं चाचपून जवळ घेतला. प्यायले नाहीत. "चौथा खंड होऊ दे," म्हणाले. "मग तिच्याबरोबर मलाही काढ."

आईनं वाढलेला भात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खोलीत गेले ते माफी मागायला. दार लोटलेलं होतं. चपला बाहेर काढल्या होत्या, पाय वाजले नाहीत. बाबांनी नुकतंच बटण दाबलं होतं. मान किंचित वाकडी करून ते यंत्राच्या पंख्याचा आवाज ऐकत होते. आधी घरघर, मग आवाज खाली बसतो तो क्षण. तो बसला, आणि त्यांचं बोट बाणाच्या कळीवर पडलं. एकदा. दोनदा. एंटर. पूर्वीसारखंच, एका दमात, खिळे उचलावेत तसं.

पडद्यावर 'इतर'ची यादी उघडली. आतली यादी कुणाची घाई करत नाही. तिला मुदत नसते. तिथे तिसऱ्या ओळीवर, स्वच्छ अक्षरांत, जुनी प्रणाली होती. बाबांनी हात मांडीवर घेतले आणि वाट बघू लागले. यंत्र त्यांची वाट बघत होतं, ते यंत्राची. दोघांच्या मध्ये वीतभर अंतर.

बराच वेळ गेला. मग त्यांनी उजवा तळहात उचलून काचेवर ठेवला. ताप आहे का बघायला कपाळावर ठेवतात, तसा.

मागे माझी सावली हलली असावी. ते न वळता म्हणाले, "आलीस का गं? चष्मा आणलायस? जरा बघ, पडद्यावर उजाडलंय का. मला आज अंधारच वाटतोय."

ते मला आई समजले होते.

मी तशीच मागे सरकले. भिंतीला हात लावत लावत स्वयंपाकघरात आले. आई कणीक मळत होती. माझं तोंड बघून तिचे हात थांबले.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"मला काही विचारू नकोस. मी शब्द दिलाय."

"आई."

"दोन वर्षं झाली. विचारू नकोस म्हटलं ना!" तिनं कणकेचा गोळा परातीत आपटला. "चष्म्याचं काम नाही, ऑपरेशनचं नाही. डॉक्टरांनी हात टेकले."

"मग तीन खंड कसे झाले?"

"कसे म्हणजे? मी दुरुस्त्या केलेल्या छापील पुस्तकातून वाचते, हे जुळवतात. त्या जुन्यात अक्षर तळहाताएवढं मोठं करून ठेवलंय यांनी. वाकडी मान करून एकेक शब्द तपासतात. अवघड शब्दांवर माझी जीभ अडखळली की हसतात मला. कोश वाचून वाचून मी शहाणी झाले, पण बोलते कुणाशी?" ती जराशी हसली आणि लगेच थांबली. "आणि तुझा तो फाटा! हे म्हणाले, यादी वाचून दाखव. मी चष्मा पुसून नाकावर ठेवेपर्यंत यादी गुल. तीनदा बसले, तीनदा गुल. एकदा थांबलेली सापडली, तर ती इंग्रजी अक्षरं मला थोडीच कळतात? ती तुमच्या धंद्याची."

"मला का नाही सांगितलं? मी काय केलं असतं?"

"काल जेवताना काय केलंस?"

मी परात पुढे ओढून कणीक मळायला घेतली.

आईनं ओला हात पदराला पुसला. आवाज उतरवून म्हणाली, "त्यांना वाटतं, डोळे गेले म्हटलं की लोक हातही गेले असं धरतात. काम गेलं तर या माणसाचं उरेल काय? तू बोलू नकोस. त्यांच्या तोंडून निघू दे. निघेल तेव्हा निघेल."

दुपारी बाबा झोपले तेव्हा मी यंत्रासमोर बसले. मनात आलं, फाटाच नको. बटण दाबताच यंत्र थेट जुन्यात जाईल असं करून टाकावं. पण मग पानं पाठवायला नव्यात कसं जायचं? आणि दुसरं म्हणजे, त्यांची वाट मीच का ठरवायची? एकदा ठरवून बघितली होती.

मी माळा रिकामा केला. जुनी प्रणाली पुन्हा तिसऱ्या ओळीवर आणली, दोनदा खाली आणि एंटर. थांबायची मुदत काढूनच टाकली. आता फाट्यावर यंत्र कितीही वेळ उभं राहील, एक अक्षर न बोलता.

ते न बोलणंच मला खुपत होतं. अक्षर मोठं करणं, मजकूर वाचून दाखवणं, या सगळ्या सोयी आतल्या घरांत. उंबऱ्यावर काही नाही. तिथे यंत्र मुकं. डोळस माणसासाठीच बांधलेला उंबरा, आणि मी आयुष्यभर असले उंबरे बांधत आले. एकदाही ठेचकाळले नाही, म्हणून दिसले नाहीत.

पण जुन्या यंत्राच्या पोटात एक भोंगा असतो. बिघाड झाला की टूं करून ओरडण्यापुरता. मेनूच्या फाईलमध्ये एक ओळ लिहिली तर मेनू उघडताना तो सूर काढतो. सूर किती उंच, किती लांब, ते आकड्यांत सांगायचं. मी गुणगुणून आकडे शोधले. खिळा. बाई. खिळ्या. दोन सूर सापडले, तिसरा बेसूर लागत होता. तो घासून घासून जागेवर बसवला.

आतून आई म्हणाली, "तू कधीपासून गायला लागलीस?"

"हाताचं आहे," मी म्हटलं.

चहा झाल्यावर मी बाबांना म्हटलं, "फाटा पहिल्यासारखा केलाय. माझंच चुकलं होतं. सुरू करून बघता का?"

ते आले, खुर्चीत बसले. मी बाजूला स्टुलावर. आई दारात, पदराशी चाळा करत. बाबांनी बटण दाबलं. पंखा घरघरला. त्यांनी मान वाकडी केली, बोट कळीवर धरलं.

आणि यंत्राच्या पोटातून तीन सूर आले. पातळ, पत्र्यासारखे, पण आले.

बाबांचं बोट हवेतच राहिलं. कितीतरी वेळ ते हललं नाही. मला वाटलं, मी फार पुढे गेले. न विचारता त्यांचं दार उघडून आत पाय ठेवला.

"हे काय?" त्यांनी हळूच विचारलं.

"फाटा आला, बाबा."

"किती वेळ थांबेल?"

"तुम्ही सांगेपर्यंत."

त्यांनी श्वास सोडला. खाली. खाली. एंटर. काळा पडदा उजळला, जुनी प्रणाली आली, कोशाचं अर्धं राहिलेलं पान आलं. एकेक अक्षर तळहाताएवढं. खोलीभर उजेड पडला. बाबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. खुर्ची माझ्याकडे फिरवली आणि नेहमीसारखीच नजर माझ्या कानावरून पलीकडे, खिडकीवर ठेवली. त्यांचा हात माझा हात शोधत आला. शाईचा वास कधीच गेला होता, तळहात तोच होता.

"सोमवारी मालकांना मीच फोन करतो," ते म्हणाले. "सगळं सांगतो. ऐकून खंड ठेवायचा तर ठेवतील, न्यायचा तर नेतील. पण आधी तुला सांगायला हवं."

दारातली आई आत आली आणि त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली.

"चिमटे, मला मधलं काही दिसत नाही गं. ज्याच्याकडे बघावं, नेमकं तेवढंच पुसलं जातं. कडेचं दिसतं. तू आलीस की वाटतं, बघावं तुझ्याकडे, आणि बघितलं की तू नसतेस. मी रागावून खिडकीकडे बघत नाही. खिडकीकडे बघितलं की तू दिसतेस."