घारपुऱ्यांचं भूशिर

दोन मोसम मी अंटार्क्टिकात बर्फ मोजला. तंबूत राहिले, नाकाची सालं निघाली. आणि तिथल्या भूशिराला नाव कुणाचं? तर माझ्या सासरच्यांचं!

झालं असं. २००६च्या जुलैअखेरीस नावं ठरवणाऱ्या समितीचं पत्र आमच्या ओहायोतल्या डब्लिनच्या घरी आलं. तुमच्या संशोधनाबद्दल एका निर्जन भूशिराला तुमचं आडनाव देतोय, 'घारपुरे पॉइंट'. हरकत असेल तर महिन्याभरात सोबतचा फॉर्म भरून पाठवा. मी जन्माची रेणू खांबेटे. लग्नानंतर पासपोर्ट बदलला, कारण "व्हिसाला एकच आडनाव सोपं पडतं," असं माझा नवरा पुरुषोत्तम म्हणाला होता. मीही मान डोलावली. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

"मला खांबेटे हवंय," मी म्हणाले.

"काय फरक पडतो यार? नाव घरातच राहिलं ना!"

हा माणूस डिसेंबरात थंडी वाजते म्हणून कचऱ्याचा डबा बाहेर ठेवत नाही. मी दक्षिणेला निघाले तेव्हा "माझ्या जेवणाचं काय?" म्हणून तीन दिवस अबोला धरला होता. आता मात्र फोन करकरून त्याने अख्ख्या ओहायोला बातमी दिली. उगाच वाद नको म्हणून मी गप्प बसले. चुकलंच माझं.

मग इथल्या मराठी मंडळाचा गणपती आला. शाळेच्या कॅफेटेरियात आमचा जोडीने सत्कार. अध्यक्ष जगन्नाथकाकांनी शाल-श्रीफळ दिलं ते पुरुषोत्तमला! माझी त्यांच्या बायकोने, सुवर्णाकाकूंनी, खणानारळाने ओटी भरली. जणू माझं डोहाळजेवणच.

"बायकोला इतक्या लांब पाठवायला मोठं मन लागतं," काका माइकवर म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट. मग पुरुषोत्तमने तिथल्या वाऱ्याचं असं वर्णन केलं की मलाच हुडहुडी भरली. शेवटी म्हणतो कसा, "आम्ही घारपुरे पहिल्यापासून धाडसीच!"

माझं डोकं सणकलं. मुदतीचे दोनच दिवस उरले होते. मी तिथेच, मोदकांचं ताट बाजूला सारून, पर्समधला फॉर्म काढला आणि ठसठशीत अक्षरांत 'खांबेटे' लिहिलं.

"अगं, लोक काय म्हणतील?" पुरुषोत्तम कुजबुजला.

खाली 'बदलाचं कारण' असा रकाना होता. मी लिहिलं, 'या जागी एकही घारपुरे कधी फिरकलेला नाही.'

समितीला कारण पटलं.