ग्राउविंकेलांचा मूळपुरुष

मुरलीधरपंतांनी लाकडी पट्टी एक ओळ खाली सरकवली, नाव वाचलं, मान हलवली आणि पट्टी पुन्हा सरकवली. ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाच्या लायब्ररीत जुन्या जहाजांच्या याद्या पसरून बसण्याचा त्यांचा हा तिसरा आठवडा. हॅम्बर्गहून क्वीन्सलँडला आलेली माणसं, त्यांची वयं, गावं, कामधंदे. समोर नोएल ग्राउविंकेल टोपी मांडीवर धरून बसला होता.

"काही?" नोएलने विचारलं.

"धीर धर. मूळपुरुष सापडल्याशिवाय मी उठत नाही."

"नो वरीज, मेट. एकोणऐंशी वर्षं थांबलोय."

नोएल म्हणजे पंतांच्या लेकीचा, तेजश्रीचा, शेजारी. त्याचं आडनाव इतकं दुर्मिळ की साऱ्या राज्यात या नावाचं घर एकच, त्याचं. दोन मुली, दोघी लग्न होऊन गेलेल्या. "माझ्याबरोबर हे नाव संपलं," असं तो हवापाणी सांगावं तसं सांगायचा. फक्त सांगताना टोपी उगाच फिरवायचा. सप्टेंबरमध्ये मुली त्याला जर्मनीला नेणार होत्या. आपलं मूळ गाव कुठलं, एवढंच त्याला हवं होतं. हाती धागा एकच होता. पणजोबा ऑगस्ट सहा वर्षांचा असताना जहाजातून आला.

पंतांनी हे काम स्वतःहून अंगावर घेतलं होतं. भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षं जुनी दप्तरं उपसलेला माणूस. निवृत्त झाल्यावर सहा वर्षं खपून त्यांनी घराण्याचा कुलवृत्तांत सिद्ध केला होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं टूवूंबाला लेकीकडे आल्यावरही कागद दिसला की त्यांचे हात शिवशिवायचे. रीत ठरलेली होती. मुलाचा बाप शोधायचा, मग बापाचा बाप. प्रत्येक पुरुषाला क्रमांक. मुलगी असेल तर एक ओळ, कुणाला दिली ती. तिची मुलं तिच्या सासरच्या ग्रंथात. हा नियम सातवा, आणि तो खुद्द पंतांनी केलेला.

हा नियम आता घरातच रुतून बसला होता. तेजश्रीला पाचवा महिना लागला असताना तिचा नवरा यतिन घर सोडून गेला. त्याला आता अकरा वर्षं होऊन गेली. तिची स्पृहा कुणाच्याच ग्रंथात नव्हती. यतिनच्या घराण्याने तिला घेतलं नाही आणि या घराण्यात ती नियमाने बसत नव्हती. नव्या आवृत्तीची मुद्रितं जेवणाच्या टेबलावर पडून होती. शनिवारपर्यंत ती पुण्याला, छापखाना चालवणाऱ्या हेमचंद्रकडे पाठवायची होती. तेजश्रीने आपली ओळ वाचली होती. 'यतिन यांच्याशी विवाह', एवढीच.

"म्हणजे आम्ही दोघी कुठेच नाही?" तिने शांतपणे विचारलं होतं.

"नियम सगळ्यांना सारखा, तेजू. उद्या लोक म्हणतील, संपादकाची मुलगी म्हणून."

तेव्हापासून ती त्यांच्याशी चहा आणि बीपीची गोळी यांपलीकडे बोलत नव्हती. पंतांना ते फार लागलं होतं. पण निःस्पृहपणाचा म्हणून एक तोरा असतो, तो काही सुटत नव्हता.

पट्टी शेवटच्या पानाच्या तळाशी आली. ऑगस्टला घेऊन आलेला बाप काही मिळाला नाही. पंतांनी चष्मा काढला.

"संपलं?" नोएलने विचारलं. मग त्याने टेबलाच्या कडेला लावून ठेवलेल्या गठ्ठ्याकडे बोट केलं. "आणि ती पानं?"

"ती बायकांची. एकट्या आलेल्या बायकांची यादी वेगळी असते. प्रत्येक जहाजाची मी बाजूला काढून ठेवली."

"का?"

पंत उत्तर द्यायला गेले आणि त्यांच्या लक्षात आलं, की बायकांच्या यादीत मूळपुरुष कसा असेल, हे इंग्रजीत सांगायला गेलं तर फारच विचित्र वाटेल. मराठीत तरी ते कुठे शहाणपणाचं होतं? त्यांनी गठ्ठा ओढला. दुसऱ्याच जहाजाच्या पानावर पट्टी थांबली. पहिल्याच दिवशी हाताळून त्यांनी बाजूला सारलेलं ते पान. काखेत कळसा नि तीन आठवडे गावाला वळसा.

ओटिली ग्राउविंकेल. वय सत्तावीस. मोलकरीण. गाव क्लाइन-वेर्डिन. अविवाहित. सोबत मुलगा ऑगस्ट, वय सहा.

पंतांनी पान नोएलसमोर फिरवलं. 'अविवाहित' या शब्दावर बोट ठेवताना त्यांनी आवाज खाली आणला, जणू शेजारच्या टेबलावर कुणी नातलग बसलेत. नोएलने ती ओळ वाचली, परत वाचली. मग तो हसला, आणि हसता हसता त्याने टोपीने डोळे पुसले.

"म्हणजे हे नाव आम्हाला एका मुलीने दिलं," तो म्हणाला. "आणि मी माझ्या मुलींना पन्नास वर्षं सांगतोय, की ते तुमच्यापाशी संपतं." जरा वेळाने तो पुन्हा म्हणाला, "सत्तावीस वर्षांची पोर. एवढासा मुलगा घेऊन, एवढा समुद्र. काय छाती असेल तिची."

पंतांना त्याच्याकडे बघवेना. आपल्या ग्रंथात बिनलग्नाच्या ओटिलीला एक ओळदेखील मिळाली नसती. ऑगस्ट तर नाहीच. आणि हा समोर बसलेला भला माणूस तरी कुठून आला असता? त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी कानांपर्यंत.

दुपारी ते घरी आले तेव्हा तेजश्री वाळलेले कपडे घड्या करत होती. हॉस्पिटलमधल्या नोकरीला आज तिची सुट्टी होती. पंतांनी मुद्रितं उघडली, नियम सातवा शोधला आणि पेन्सिलीने त्यावर आडवी रेघ मारली.

"तेजू, स्पृहाच्या जन्माची वेळ काय? तारीख माहीत आहे. नोंदीला वेळ आणि ठिकाण लागतं."

तेजश्रीच्या हातातली घडी अर्धवट राहिली. "आणि नियम?"

"चुकला होता. मी केला होता, मीच खोडला."

सोफ्यावरून स्पृहाने मान वर केली. "सो अ‍ॅम आय इन द बुक, आजोबा?"

"आईच्या खाली. क्रमांकासकट."

"कूल," म्हणून ती पुन्हा आपल्या टॅबकडे वळली.

"इथल्याच हॉस्पिटलमध्ये," तेजश्री सावकाश म्हणाली. "सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी."

पंतांनी लिहून घेतलं. मग अकरा वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. त्या वेळी त्यांनी पुण्याहून, यतिनशी जुळवून घे, एवढंच फोनवर सांगितलं होतं.

"सोबत कोण होतं तुझ्या?"

"कोण असणार? इथे धड बस नाही, टॅक्सी येईना. नोएलने गाडीतून नेलं. नर्सने नातं विचारलं तर म्हणाला, शेजारी. पण स्पृहाला बघितल्याशिवाय उठला नाही तिथून."

तीन आठवडे समोरासमोर बसून नोएल याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता. पंतांनी मुद्रितातले नियम पहिल्यापासून पुन्हा चाळले. कुलवृत्तांतात शेजाऱ्याला जागा नसते. शेवटी त्यांनी समासात खात्यातल्या आपल्या जुन्या वळणदार अक्षरात 'शेरा' असं लिहिलं आणि त्यापुढे : 'जन्मसमयी सोबत, श्री. नोएल ग्राउविंकेल.'

तेजश्रीने वाकून वाचलं.

"हे छापतील, बाबा?"

"न छापून सांगतात कुणाला? संपादक मी आहे."

ती खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली, मुद्रित आपल्याकडे वळवून घेतलं आणि ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"मग त्याच्या मुलींचीही नावं घाला," ती म्हणाली. "दोघींची."